हाताशी राहिलेली हौसा

बेडगच्या खाड्यांच्या घरात खंडेनवमीला घर पोसणाऱ्या प्रत्येक वस्तूला हळदकुंकू लागायचं. कांडपाच्या यंत्राला लागायचं, वजनकाट्याला लागायचं, मिरच्यांचे देठ खुडणाऱ्या नव्या यांत्रिक हातालाही लागायचं. सगळ्यांत शेवटी इंदुमती खाडे आपल्या नवऱ्याला पाटावर बसवायची. त्याच्या उजव्या कानामागं कातडीखाली बोराच्या बीएवढा उंचवटा होता. तिथं ती कुंकवाचं बोट टेकवायची.

"माझी पूजा करतीस का त्या यंत्राची?" रंगराव दरवर्षी विचारायचे.

"यंत्राची. तुमी मधी बसलाय म्हणून तुमाला लागतंय."

बोलणं तिखट असलं तरी बोट तिथं गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ टेकलेलं असायचं, हे सून सारिका बघून न बघितल्यासारखं करायची.

त्याला कारण होतं. रंगरावांच्या मेंदूत गुठळी झाली आणि ते वाचले, पण वाचून उठले ते भलत्याच अवस्थेत. आठवणी डोक्यात जागच्या जागी होत्या, त्यांचे पत्ते तेवढे पुसले गेले होते. समोरचा चेहरा दिसायचा, तो कुणाचा ते सापडायचं नाही. घास तोंडात जायचा, पण पुढं काय करायचं याचा हुकूम घशापर्यंत पोचायचा नाही. मग मिरजेच्या दवाखान्यात त्यांच्या कानामागं ते बी बसवलं. लोक त्याला जोड म्हणत. मेंदूत हरवलेले पत्ते जोड नव्यानं गोळा करून ठेवायची आणि लागेल तेव्हा काढून द्यायची. ज्या डॉक्टरनं ती बसवली त्याला इंदुमती निघताना म्हणाली होती, "बरं केलंसा." तिच्या मानानं ते आभाराचं लांबलचक भाषण झालं. तिची शाळा दुसरीत सुटली होती आणि जीभ त्याच्याही आधी. तेव्हापासून गावात तिच्याकडून गोड शब्द ऐकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

मग त्या उन्हाळ्यात वळवाचं वादळ आलं.

रंगरावांच्या उशीखाली एक चकती असे. त्यांनी डोकं टेकलं की जोडीला तिच्यातून वीज मिळे, आणि दिवसभराचं आवरून, नीट लावून ठेवायचं काम जोड त्याच वेळी करी. त्या रात्री वीज गेली, आली, पुन्हा गेली. घरातला पंखा तेवढा बंद पडला, बाकी कुणाला काही कळलं नाही.

सकाळी इंदुमतीनं चहा दिला. रंगरावांनी घोट घेतला आणि अदबीनं म्हणाले, "अहो बाई, साखर जरा कमी टाकत जावा."

इंदुमतीला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. "बाई कुणाला म्हणताय?"

"रागावू नका. नवीन आलाय व्हय कामाला? चहा चांगला केलाय तुमी."

मुलगा धैर्यशील आला, त्याला त्यांनी नावानं हाक मारली. सारिकेला म्हणाले, पोरी, मिरचीचा ट्रक आला का बघ. शेजारचा वाणी, दूधवाला, इतकंच काय, पायाशी लोळणारा मोत्यासुद्धा त्यांना ओळखू येत होता. सगळ्या जगातून एक इंदुमतीच तेवढी गळाली होती.

ती रडली नाही. रडणं तिच्या स्वभावातच नव्हतं. ती कोठीत गेली आणि निवडलेल्या मिरच्या पुन्हा निवडत बसली.

"कुत्र्याला वळकतंय म्हातारं," ती सारिकेला म्हणाली, "आन् मला म्हणतंय बसा, घ्या, जावा. आयुष्यात कदी मला अहोजाहो केलं न्हवतं गं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं."

*

दुरुस्तीला मिरजेहून तस्लीम बागवान आली. दवाखान्यात अशी जोड बसवलेल्यांकडं बघणारी ती इंजिनियर होती. इंदुमतीनं तिला उंबऱ्यातच अडवलं.

"कुणाची गं तू?"

"बागवानांची. लक्ष्मी मार्केटमागं आजोबांचा पेरूचा गाडा होता माझ्या."

"त्यो उंच, पगडीवाला? पेरूवर तिखटमीठ घालून द्याचा? तिखट भिकार असायचं त्याचं."

"आजोबा पण तेच म्हणायचे, आज्जी. म्हणून पुढं पुढं बेडगचंच तिखट आणायचे."

इंदुमती बाजूला झाली. "ये आत."

तस्लीमनं रंगरावांच्या कानाला एक बारीक चिकटपट्टी लावली आणि मांडीवरच्या काचेच्या पाटीत बराच वेळ बघत राहिली. मग स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आठवणी सगळ्या शाबूत आहेत. सगळा घोळ कॅशमध्ये अडकेल, एवढीच भीती आहे."

"कॅश?" इंदुमतीच्या भुवया चढल्या. "रोकड आमी घरात ठेवतच न्हाई."

सारिका तोंडाला पदर लावून हसली. धैर्यशील म्हणाला, "आई, ती कॅश न्हवं." पण मग कोणती, ते त्यालाही सांगता येईना.

तस्लीमनं ओट्यावरचा मिसळणाचा डबा पुढं ओढला. "आज्जी, तुमची चटणी कुठं असते?"

"कोठीत. बरणीत."

"मग भाजी टाकताना दरवेळी कोठीत जाता?"

"पाय मोडायला? डब्यात काढून ठेवायची की हाताशी."

"रंगराव आजोबांची जोड तेच करते. कोठी म्हणजे तिचा कायमचा साठा आणि हा डबा म्हणजे कॅश. आजोबांना काही आठवायचं झालं, की ती कोठीतनं त्याची नक्कल काढून या डब्यात आणते. काही बदललं, समजा तुमच्या नातवाला दात आला, तर तो बदल आधी डब्यातल्या नकलेत होतो आणि मग सवडीनं, रात्री, कोठीत परत लिहिला जातो. आता वादळात काय झालं, तर कोठीतली कुठली बरणी कुठल्या फळीवर, ही जी मांडणी असते ना, ती लिहिली जात असताना वीज हलली. अर्धी मांडणी कालची, अर्धी आजची. बरण्या फुटलेल्या नाहीत. तुमची बरणीही आहे. तिच्याकडं जायची वाट मोडलीय."

"मग वाट बांध की."

"बांधणारच. रिकाम्या फळीवर शेजारीच दुसरी मांडणी करायची. प्रत्येक बरणीवर ती कुणाची ते लिहिलेलं असतं. ते वाचत वाचत पहिल्यापासून शेवटपर्यंत जायचं. पूर्ण झाली की एका झटक्यात जुनी काढून नवी लावायची."

"बंद करून करा," धैर्यशील म्हणाला. "पट्टा बदलताना आम्ही कांडप बंद ठेवतो."

"जोड बंद केली की तुमच्या बाबांचं गिळणं थांबेल. आणि पुन्हा सुरू केल्यावर तिची नि मेंदूची ओळख पटायला महिने जातात. या वयात पटेलच, असं मी सांगू शकत नाही. आणि फार दिवस थांबताही येणार नाही. मोडक्या मांडणीवर जोड रोज रात्री लिहितेच आहे. आज आज्जी हरवल्यात, उद्या तुम्ही हरवाल." ती इंदुमतीकडं वळली. "चालू ठेवूनच करायचं. अवघड आहे ते या डब्यामुळं. जुन्या मांडणीच्या नकला डब्यात पडून असतात. मी कोठीत सगळं नवं लावलं, जुन्याची जागा दुसऱ्या कशाला देऊन टाकली, आणि नंतर जोडीनं सवयीनं डब्यातली जुनी नक्कल कोठीत परत लिहिली, तर..."

इंदुमतीची नजर सावकाश सारिकेवर जाऊन थांबली.

"आलं माझ्यावर," सारिका म्हणाली. "आत्ती, आणि किती वर्षं?"

"मरूस्तर," इंदुमती म्हणाली आणि तस्लीमला सांगू लागली. "लग्नाचं पयलं वरीस हिचं. आमी ताजी चटणी कुटून बरणी भरली. आन् ह्या बाईसाहेबांनी डब्यातली मागल्या सालची उरली हुती ती वाया जाया नको म्हणून वतली बरणीत. आख्ख्या बरणीला जाळी! वरसाची चटणी कोंबड्यांनीबी खाल्ली न्हाई."

"अगदी तेच," तस्लीम म्हणाली. "म्हणून नवी मांडणी लावायच्या आधी डब्यातली प्रत्येक जुनी नक्कल शोधून तिच्यावर स्टेल म्हणून खूण करायची. म्हणजे जोड ती परत कधी कोठीत ओतणार नाही."

"शिळं म्हण की सरळ. इंग्रजी कशाला?"

"शिळं. पण त्यातही जपून. डब्यातली एखादी गोष्ट दोघांच्या मालकीची असते. एकाची म्हणून शिळी ठरवली, तर दुसऱ्याच्या ताटातलं जातं. आणि आजोबा ज्या क्षणी एखादी गोष्ट आठवत असतील त्या क्षणी ती त्यांच्या हातात असते. तिच्यावर मला खूण करता येत नाही, त्यांनी ती खाली ठेवेपर्यंत थांबावं लागतं. हातातला घास हिसकावला तर निम्मा हातात, निम्मा खाली, आठवण फाटते. तेव्हा माझं काम चालू असताना त्यांच्याशी हवापाण्याचं बोला, खाण्यापिण्याचं बोला. माणसांचं काही काढू नका."

"आन् त्या वेळात नवीन काय घडलं तर? ते जाणार का वाऱ्यावर?"

तस्लीमनं जरा चमकून तिच्याकडं बघितलं. "नाही. मधल्या वेळात जे घडेल ते जुन्या मांडणीतही लिहायचं आणि नव्यातही. म्हणजे बदल झाला तरी मधलं काही सांडत नाही."

इंदुमतीनं मिसळणाचा डबा तिच्या हातातून काढून घेतला, झाकण लावलं आणि जागेवर ठेवला. "जेवून घे मग. उपाशी पोटी माझ्या माणसाला हात लावायचा न्हाई."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सोप्यात रंगरावांना आरामखुर्चीत बसवलं. विजेचा दगा नको म्हणून धैर्यशीलनं कांडप बंद ठेवलं होतं. त्यामुळं घर असं शांत होतं की बाहेर वाळवणावरची मिरची तडकलेली ऐकू यावी. तस्लीम पाटी घेऊन जवळ बसली. इंदुमतीला समोरची खुर्ची दिली आणि बजावलं, आज्जी, हवापाणी.

"बसा की बाई नीट, अशा काय टोकावर बसलाय," रंगराव तिला म्हणाले.

"बसती," इंदुमती दात आवळून म्हणाली. "ऊन लई हाय न्हवं?"

"हाय खरं. मिरची झ्याक वाळंल."

असं उन्हाचं चाललं, मिरचीच्या रंगाचं चाललं, ब्याडगी बरी का लवंगी बरी याचं चाललं. एरवी त्या वादात इंदुमतीनं त्यांना जिंकू दिलं नसतं, त्या दिवशी दिलं. पाटीवर ठिपके एकामागून एक राखाडी होत होते. राखाडी म्हणजे शिळं ठरलं, हे आता सारिकेलाही कळू लागलं होतं.

मध्येच तस्लीमचं बोट थांबलं. ती उठली आणि इंदुमतीला, धैर्यशीलला खुणेनं स्वयंपाकघराच्या दारात घेऊन आली. आवाज खाली आणून म्हणाली, "एक अडचण आहे. बऱ्याच बरण्यांवर दोन नावं सापडतायत. एक आहे इंदुमती. दुसरं हौसा. यंत्र म्हणतंय, एका बरणीला दोन मालक असायचे नाहीत, एक चुकीचा धरून काढून टाकू का? हौसा कोण?"

धैर्यशीलनं क्षणभर विचार केला. "आमच्यात कुणी हौसा न्हाई. वादळात काहीतरी मिसळलं असंल. काढून टाका."

"काढून टाका!" इंदुमती फिस्कारली. आवाज दाबायचा असल्यामुळं ते आणखीच भयंकर वाटलं. "आईला काढून टाकतोय मुडदा! मी हौसा."

धैर्यशील बघतच राहिला. जन्मदात्या आईचं नाव त्याला पन्नाशीकडं झुकताना कळत होतं.

"तुझ्या बाची मी मामाची पोरगी. ह्ये सुट्टीला आजोळी याचे, तवा मी हौसाच हुती. लग्नात ताटात तांदूळ पसरलं, ह्यांनी अंगठीनं त्यात इंदुमती लिवलं आन् झाली मी इंदुमती. सासू म्हंजे माझी सख्खी आत्ती, पर सून करून घेताना तिला माझं नाव गावंढळ वाटाया लागलं. त्या ताटातलं तांदूळ मग वतलं असतील कुणीतरी डब्यात." ती थांबली. तिची आई, बाप, थोरला भाऊ, सगळे धैर्यशीलला कळू लागायच्या आधीच गेले होते. त्या नावानं हाक मारणारं तोंड आता जगात उरलं नव्हतं. "मला वाटलं, ते नाव कवाच पुसलं."

"पुसलेलं नाही," तस्लीम म्हणाली. "आजोबांनी तुम्हाला दोन्ही नावांखाली ठेवलंय. हौसा काढली असती तर तुमच्या निम्म्या आठवणी बेवारस ठरल्या असत्या. दोन्ही नावं राहू देते."

ती पाटीवर काहीतरी करून परत सोप्यात गेली. इंदुमती दाराला धरून उभी राहिली. पोरीनं विचारलं, असं तिच्या मनात आलं. पोटच्या पोरानं काढून टाका म्हटलं आणि पेरूवाल्याच्या नातीनं विचारलं. तिच्या डोळ्यांत टचकन काहीतरी आलं, ते तिनं पदरानं असं पुसलं, जसा काही ओटाच पुसतेय.

ती परत येऊन खुर्चीत बसली. समोर तो पांढऱ्या मिशांचा माणूस, आणि त्याच्या त्या कानामागच्या बीमध्ये तिचं परकरातलं नाव जपून ठेवलेलं. उन्हाविषयी काय बोलणार आता? तिनं ओठ घट्ट मिटले. मग ते आपोआप उघडले.

"हौसा आठवती का तुमाला?"

तस्लीमनं मान झटकन वर केली. पण उशीर झाला होता.

*

रंगरावांचा चेहरा असा उजळला की आढ्याखालच्या त्या सोप्यात ऊन आल्यासारखं झालं.

"माझ्या मामाची हौसा? तुमी कशा वळकता तिला, बाई?"

"ऐकून हाय."

"लई वांड पोरगी. मी मामाची सायकल कैचीवर चालवत हुतो, पाय पोचायचं न्हाईत. गेलो तसाच सरळ वाळवणात. लाल मिरच्यांत तोंडावर पडलो. डोळ्यांत आग! मी बोंब मारतोय, सगळे पाणी आणा पाणी आणा करत पळालेत, आन् ह्या पोरीनं तांब्याभर ताक आणलं आन् वतलं माझ्या डोळ्यांत. ताक कुणी डोळ्यांत घालतं का? पर थंड वाटलं." ते हसले. "मग मी डोळं उघडलं तर ती दिसली."

"कशी दिसली?" इंदुमतीला राहवेना.

"नाकावर ताक सांडलेलं. आन् मलाच शिव्या देत हुती. मी डोळं उघडलं तर ती दिसली, बाई."

तस्लीमच्या पाटीवर सगळे ठिपके राखाडी होते. एकच केशरी राहून लुकलुकत होता. "आज्जी," ती कुजबुजली, "जुनी नक्कल एवढी एकच राहिली होती. नेमकी तीच त्यांनी मोडक्या वाटेनं हातात घेतलीय. ते सोडत नाहीत तोवर मला नवी मांडणी लावता येत नाही."

"मग थांब की जरा."

"फार थांबता येत नाही. बदल करण्यासाठी मी कोठीचं दार धरून ठेवलंय. ते जास्त वेळ धरलं तर जोड गुदमरून स्वतःच बंद पडेल. सोडलं तर सगळं पहिल्यापासून. आणि आज रात्रीचं लिहिणं जुनी मांडणी सोसेल असं मला वाटत नाही."

सारिका इंदुमतीच्या कानाशी वाकली. इतकी वर्षं सुनेनं वाट बघितली होती, पण आता ती संधी आली तर तिच्या आवाजात जीव नव्हता. "आत्ती, आज तुमीच वतलंसा की हो डब्यातलं बरणीत."

इंदुमतीनं मान खाली घातली. लग्न होऊन आल्यापासून सारिकेनं हे पहिल्यांदा बघितलं.

धैर्यशीलनं वडिलांना चहा आणून दिला. त्यांनी कप हातात धरला, पण पिईनात. "मी डोळं उघडलं," ते चहाला सांगत होते, "तर ती दिसली." धैर्यशील-सारिकेनं विषय बदलून बघितला, मोत्याला अंगावर सोडून बघितलं. म्हाताऱ्यानं ती आठवण अशी धरली होती, जशी जत्रेत पोरानं हातातली शिट्टी धरावी.

इंदुमती त्यांच्याकडं बघत होती. किती सुखात होते. हिसकावायचं ते त्यांच्या हातात होतं तरी काय? ती स्वतःच होती त्यांच्या हातात. ती शिव्या देणारी, नाकावर ताक सांडलेली. इतक्या वर्षांत त्यांनी तिला हे कधी सांगितलं नव्हतं. घटकाभर ऐकत बसावं, त्यांच्याबरोबर त्या वाळवणात बसावं, असं तिला मनापासून वाटलं. मग त्यांनी पुन्हा तिच्याकडं वळून विचारलं, "तुमाला भेटली तर सांगाल का हो तिला, बाई, मी विचारलं म्हणून?"

तेव्हा तिला कळलं, त्यांच्या हातात हौसा होती, पण समोर बसलेली त्यांना दिसत नव्हती. ही दिसायची तर ती खाली ठेवावी लागणार होती.

"सोडवायचं कसं?" ती तस्लीमला म्हणाली.

"माणसाला अचानक स्वतःचं नाव ऐकू आलं, की तो असेल ते टाकून वळतो. मेंदूची जुनी सवय आहे ती." तस्लीमनं स्वतःच मोठ्यानं हाक मारली, "रंगराव खाडे!"

"थांबा जरा," रंगराव नम्रपणे म्हणाले. दवाखान्यात नंबर पुकारल्यासारखंच वाटलं असावं त्यांना.

"ओळखीच्या आवाजात पाहिजे," तस्लीम म्हणाली.

धैर्यशीलनं तोंड उघडलं आणि मिटलं. बापाला नावानं हाक? सारिकेचा तर प्रश्नच नव्हता. दोघांनी इंदुमतीकडं बघितलं. लग्नानंतर उखाण्यापलीकडं नवऱ्याचं नाव तिच्या ओठांवर आलेलं नव्हतं. रेशनच्या दुकानातसुद्धा ती शेजारणीला म्हणायची, तू सांग गं ह्यांचं नाव. केशरी ठिपका आता भराभर लुकलुकत होता.

ती उभी राहिली. पदर खोचला. छाती भरून श्वास घेतला. आणि इंदुमतीच्या तोंडून मग जी हाक निघाली ती इंदुमतीची नव्हतीच.

"रंग्याऽऽ! मुडद्या, हिकडं बघ!"

कप खाली पडून फुटला. मोत्या भुंकत पळाला. रंगराव दचकून अर्धे उठले, डोळे विस्फारलेले, डोक्यातून सगळं सांडलेलं. आणि तेवढ्या क्षणात तस्लीमचं बोट पाटीवर टेकलं. केशरी ठिपका राखाडी झाला, सगळे ठिपके विझले आणि मग सगळी पाटी एकदम हिरवी झाली.

इंदुमतीनं जीभ चावली.

*

रंगराव सोप्यातल्या एकेकाकडं बघत होते. धैर्यशील. सारिका. ती पाटीवाली मुलगी. मग इंदुमती. तिच्यावर नजर थांबली, खाली पायांपर्यंत गेली, परत वर आली.

"रंग्या कोण म्हणालं मला?"

धैर्यशील-सारिकेच्या नजरा इंदुमतीकडं वळल्या.

"तू?"

इंदुमतीनं खुर्चीची पाठ धरली.

"तू म्हणालीस? सुनंच्या म्होरं, पोराच्या म्होरं, तू मला रंग्या म्हणालीस?"

"म्हणाले," ती म्हणाली. "काय करनार हायसा?"

"काय करनार! चहा सांडलास माझा. आन् साखर..." ते बोलता बोलता थांबले, पुढं वाकून तिच्या तोंडाकडं बघू लागले. "आगं, रडतीस का?"

"रडती कशाला मी? तिकडं चटणी कुटालीत, डोळ्यांत गेली."

"आज कांडप बंद..." धैर्यशील म्हणू लागला. सारिकेनं त्याच्या पायावर पाय दिला.

रंगरावांनी भुवया आवळल्या. कानामागून कुठून तरी, नव्या फळीवरून, एक जुनी गोष्ट त्यांच्या हाताशी येत असावी. मिशा हलल्या.

"डोळ्यांत मिरची गेली व्हय?" ते म्हणाले. "मग ताक वतू का, हौसे?"

इंदुमती खाली बसली, तिथंच, फुटलेल्या कपाच्या शेजारी, चहाच्या ओघळात, नव्या लुगड्यानिशी.

*

तस्लीम निघाली तेव्हा उन्हं कलली होती. इंदुमती तिला सोडायला अंगणापर्यंत आली. काहीतरी बोलायचं होतं. आभार हा शब्द तिला ठाऊक होता, पण तो माईकवर बोलणाऱ्यांचा. तिच्या तोंडात तो बसेना, आणि दुसरा हाताशी सापडेना.

"आज्जी," तस्लीमच म्हणाली, "मधल्या वेळात घडलेलं दोन्हीकडं लिहायचं, म्हटलं होतं ना मी? त्यांच्या नव्या मांडणीत सगळ्यांत आधी काय लिहिलं गेलंय, माहितीये? तुमची हाक."

"अगं बाई." इंदुमतीनं दोन्ही गाल धरले. "पुसता येती का ती?"

"येते."

इंदुमतीनं विचार केला. "नगं. ऱ्हाऊ दे."

मग ती घाईनं आत गेली आणि यंदाच्या चटणीची बरणी घेऊन आली. फडकं बांधलेली, दोन्ही हातांनी धरलेली.

"धर. घरी गेलीस की आधी डबा धुवायचा, पुसायचा, उन्हात वाळवायचा. जुन्यावर वतलीस तर ह्या दारात उभी करणार न्हाई तुला."

"शिळं आधी काढते, आज्जी. मगच नवं."

"आन् खंडेनवमीला जेवाय यायचं. तुझ्या पाटीला कुंकू लावलेलं चालतंय का न्हाई ते तू सांग. न्हाई चालत तर नुसती खीर खा. पर यायचं." तिनं तस्लीमच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. सगळी बोटं कडाकडा वाजली. "तुझ्या आजाचं तिखट भिकारच हुतं," ती म्हणाली, "पर नात चांगली निपजवली त्यानं."

तस्लीमची गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी ती उभी होती. सारिका मागून आली आणि जवळ थांबली.

"आत्ती, ती बरणीची गोष्ट आता मरूस्तर माझीच का निम्मी तुमची?"

"निम्मी माझी," इंदुमती म्हणाली. सारिकेला हा आपल्या लग्नाचा खरा आहेर वाटला.

सोप्यातून हाक आली. दणदणीत, हक्काची, अंगणापार ऐकू जाईल अशी.

"हौसेऽऽ! चहा देतीस का आज?"

गल्लीतून जाणाऱ्या दोघीतिघी थबकल्या, ही हौसा कोण म्हणून इकडंतिकडं बघू लागल्या.

"आले रंऽऽ!" ती ओरडली, आणि या खेपेला जीभ चावली नाही.